गिऱ्हाईक बसने येते, आम्ही पार्किंग मागतो

काही दिवसांपूर्वी आमच्या भागातील कापड व्यापाऱ्यांची एक बैठक झाली. धंद्यात मंदी का आली यावर बोलायचे होते. ऑनलाइन विक्री, जीएसटी, सुरतेच्या मालाचे भाव, अडकलेली उधारी असे नेहमीचे विषय झाले आणि शेवटी महापालिकेला द्यावयाच्या निवेदनात काय लिहायचे यावर गाडी आली. पहिली मागणी एका दमात मंजूर झाली. बाजारात पार्किंगची सोय करावी. आम्ही सहज विचारले, "इथे बसलेल्यांपैकी किती जणांचे गिऱ्हाईक मोटारीतून येते?" थोडा वेळ कोणीच बोलेना. मग मागच्या बाकावरून एक तरुण दुकानदार म्हणाला, "चाचा, गिऱ्हाईक येत नसेल, आपण तर येतो ना मोटारीतून!" सगळे हसले. आम्हीही हसलो आणि निवेदनावर सही करून घरी आलो. पण ते उत्तर काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून हा लेख लिहावयास घेतला.

आमचे दुकान मोहम्मद अली रोडला लागून असलेल्या एका गल्लीत आहे. ड्रेस मटेरियल, दुपट्टे, सणासुदीला थोडी साडी. बैठकीनंतर आठवडाभर आम्ही एक काम केले. माल दाखविता दाखविता प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारले, कुठून आलात, कसे आलात? कुर्ल्याहून, धारावीहून, अँटॉप हिलहून, नागपाड्याहून, माहीमहून आलेल्या बायका होत्या. कोणी लोकलने मस्जिद बंदर किंवा सँडहर्स्ट रोडला उतरून चालत आले होते, कोणी सरळ बसने. लग्नाचा बस्ता काढायला आलेली कुटुंबे येताना बसने येतात आणि जाताना पिशव्या जड झाल्या तर टॅक्सी करतात. स्वतःची मोटार घेऊन आलेली गिऱ्हाइके एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. त्यातल्या एकाने तर गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून ड्रायव्हरला फेऱ्या मारायला सांगितले होते आणि दहा मिनिटांत काही न घेता तो निघून गेला.

आता विचार करा. ज्याच्या पैशावर आमचा गल्ला भरतो तो बसने येतो. आणि आम्ही निवेदन देतो ते जो येत नाही त्याच्या सोयीचे! गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आम्ही अनेक बैठकांना गेलो. जकात, व्हॅट, फेरीवाले, पाणी, कचरा, पार्किंग, सगळ्यावर ठराव झाले. आमच्या बाजाराला बसगाड्या वाढवून द्या, थांबा मोकळा ठेवा, असा ठराव एकदाही झाल्याचे आम्हांस आठवत नाही. कोणाला आठवत असल्यास त्यांनी जरूर कळवावे.

२००२ साली जे. जे. उड्डाणपूल सुरू झाला, तेव्हा पुष्कळांना वाटले की आता गर्दी वर जाईल आणि खालचा रस्ता मोकळा होईल. झाले काय? मोटारवाला वरच्या वर निघून गेला. क्रॉफर्ड मार्केटहून निघाला की जे. जे. रुग्णालयाच्या पुढे जाऊनच खाली उतरतो. आमच्या दुकानाची पाटी त्याने वीस-बावीस वर्षांत वाचलेली नाही. पुलाखालून, आमच्या दारावरून, हळूहळू जाते ती बस. खिडकीशी बसलेली बाई थांब्यावर दोन मिनिटे आमचा शोकेस पाहते आणि शेजारणीला म्हणते, तो फिरोजी रंग बघ. पुढच्या जुम्म्याला किंवा पगाराच्या आठवड्याला ती उतरते. ही जाहिरात फुकट आहे. तिच्यासाठी एजन्सी लागत नाही.

हा बाजार आणि ही सार्वजनिक गाडी यांचे नाते आजचे नव्हे. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ च्या मे महिन्यात सुरू झाली, ती कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुनीपर्यंत. विजेवरची ट्राम १९०७ साली आली. पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी धावली, ती कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. या गोष्टीला २०२६ साली शंभर वर्षे होतात. गाडी सुरू करणाऱ्या कंपनीने काही आमच्यावर मेहेरबानी केली नव्हती. मुसाफिर कुठे जातो ते तिला ठाऊक होते. तो बाजारात जातो. ज्या शहराची पहिली बस बाजाराच्या दाराशी येऊन थांबली, त्या शहरातील बाजारवाल्यांनी बसचे नावच काढू नये, हे नवल आहे.

इथे थोडे आमच्याविषयी. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. शाळा सुटल्यावर मामूंच्या दुकानात पोऱ्या म्हणून बसलो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कापडाचे दोन तागे देऊन भायखळ्याला पाठविले. त्या काळी बसच्या कपाळावर नंबर मराठी आकड्यांत असे आणि बाजूला इंग्रजीत. मराठी एकचा आकडा दुरून आमच्या उर्दू नवासारखा दिसतो. आम्हांला हवी असलेली गाडी एकाने सुरू होणाऱ्या नंबरची होती. आम्ही तिला नऊ समजलो आणि दोन गाड्या डोळ्यांसमोरून सोडल्या. तिसऱ्या गाडीच्या कंडक्टरने ओरडून विचारले तेव्हा उलगडा झाला. त्यानंतर आम्ही पाट्या वाचण्याचा सपाटाच लावला. महात्मा फुले मंडई म्हणजे आपले क्रॉफर्ड मार्केट. राणी लक्ष्मीबाई चौक म्हणजे सायन. खोदादाद सर्कल म्हणजे दादर टी.टी. आज ही चार ओळींची मराठी लिहितो आहोत ती शाळेत नव्हे, बसच्या पाटीवर सुरू झाली. बाहेरगावच्या व्यापारी बांधवांनाही आमचे सांगणे आहे की पाटीवरचे नाव आणि लोकांच्या तोंडातले नाव वेगळे असते, दोन्ही पाठ करावीत.

डबलडेकर गाडीत जिन्याखाली एक कोपरा असे. तिथे गठडी टेकवून आम्ही उभे राहत असू. कारागीर, फेरीवाले, डबेवाले, शिलाईचे कटपीस घेऊन जाणारी माणसे यांचा तो जणू गोदामाचा कोनाडा होता. कंडक्टर लगेजचे तिकीट फाडी आणि कधी डोळेझाकही करी. डबलडेकर १९३७ साली मुंबईत आली आणि डिझेलवरची शेवटची डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी धावली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीपासून विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित डबलडेकर आल्या आहेत. पण त्यांची संख्या फार थोडी आहे. त्यात बसून पाहिले. गाडी थंडगार आहे, आवाज नाही. गठडी मात्र मांडीवरच घ्यावी लागली.

कोणी म्हणेल की बस असली काय आणि नसली काय, गिऱ्हाइकाला यायचे तर ते येतेच. याचे उत्तर वाद घालून देण्याची गरज नाही, दोन वेळा परीक्षा होऊन गेली आहे. जानेवारी २०१९ मध्ये बेस्टच्या कामगारांचा संप झाला. ८ तारखेपासून १६ तारखेपर्यंत, नऊ दिवस, एकही गाडी रस्त्यावर नव्हती. लोकल चालू होत्या, टॅक्सी चालू होत्या. तरीही आमच्या गल्लीत दुपारच्या वेळी, जेव्हा बायका घरकाम आटोपून येतात तेव्हा, दुकानदार एकमेकांच्या पायऱ्यांवर बसून चहा पीत होते. आम्ही रोजचा हिशेब लिहितो. ते नऊ दिवस वहीत वेगळे ओळखू येतात.

दुसरी परीक्षा उलट होती. २०२० च्या टाळेबंदीनंतर जूनमध्ये बाजार हळूहळू उघडू लागले, पण लोकल सर्वसामान्य माणसाला फेब्रुवारी २०२१ पर्यंत बंदच होती. त्या आठ महिन्यांत या शहराला बसने उचलून धरले. गोवंडीचा कारागीर, कुर्ल्याची गिऱ्हाईक, आमच्या दुकानातला अँटॉप हिलला राहणारा सेल्समन, सगळे बसने आले, तास तास रांगेत उभे राहून आले. त्या वर्षी आमचे दुकान उघडे राहिले ते आधी अल्लाहच्या फजलने आणि मग त्या बसमुळे. तेव्हाही कोणत्या संघटनेने त्या ड्रायव्हर-कंडक्टरांचे आभार मानल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता आजची स्थिती पाहू. २०१० च्या सुमारास बेस्टच्या ताफ्यात साडेचार हजारांहून अधिक गाड्या होत्या. २०२५ पर्यंत हा आकडा तीन हजारांच्याही खाली आला. शहर वाढले, माणसे वाढली, गाड्या घटल्या. त्यातही बेस्टच्या स्वतःच्या गाड्या थोड्याच उरल्या आहेत, बाकीच्या भाडेतत्त्वावरच्या. हे भाडेतत्त्व म्हणजे काय ते आपल्या व्यापारी बांधवांना समजायला वेळ लागणार नाही, कारण आपण रोज तेच करतो. आपण कारखानदाराला कापड देतो आणि नगामागे मजुरी देतो. मशीन त्याचे, कारागीर त्याचे, वीजबिल त्याचे. तसेच इथे गाडी कंत्राटदाराची, चालक त्याचा, दुरुस्ती त्याची, आणि बेस्ट त्याला किलोमीटरमागे पैसे मोजते. जॉबवर्क वाईट नव्हे. पण आपल्याला अनुभव आहे की नगावर मजुरी दिली की कारागीर नग मोजतो, टाका मोजत नाही. किलोमीटरवर पैसे मिळणाऱ्या गाडीला थांब्यावर बोचके घेऊन उभी असलेली म्हातारी चढली काय आणि राहिली काय, हिशेबात फरक पडत नाही. शिवाय जॉबवर्कवाल्याला परवडले नाही की तो काम टाकून जातो. इथेही मधल्या काळात काही कंत्राटदारांनी काम सोडले आणि त्यांच्या गाड्या रस्त्यावरून गेल्या.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्याला, स्थानकाजवळच्या गजबजलेल्या रस्त्यावर, अशाच भाडेतत्त्वावरच्या एका विजेच्या बसने वाहनांना आणि माणसांना चिरडले. अनेकांचे जीव गेले. अल्लाह त्यांना मगफिरत देवो. दोष कोणाचा किती, ते ठरविणे कोर्टाचे काम आहे. पण त्यानंतर काही दिवस कुर्ला स्थानकाच्या पश्चिमेला बस येत नव्हती आणि तिथल्या दुकानदारांनी आम्हांला जे सांगितले ते आमच्या २०१९ च्या वहीसारखेच होते. रस्ता मोकळा झाला खरा, पण त्याबरोबर गिऱ्हाईकही गेले.

आता भाड्याविषयी. जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणले होते, वातानुकूलित गाडीला ६ रुपये. ९ मे २०२५ पासून ते एकदम दुप्पट झाले, १० रुपये आणि वातानुकूलितला १२. मोटारीत फिरणाऱ्याला ५ रुपयांचे काय, असे वाटेल. मदनपुऱ्यातील एक कारागीर आमच्यासाठी दुपट्ट्यावर आरीकाम करतो. तो दिवसातून दोनदा ये-जा करी. सकाळी तयार नग आणून टाकी आणि नमुना पसंत करून घेई. संध्याकाळी नवे कापड घेऊन जाई. किमान भाड्याच्या टप्प्यातले अंतर आहे. म्हणजे दिवसाचे चार वेळचे २० रुपये होते, त्याचे ४० झाले. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ५०० चे १,०००. वातानुकूलित गाडी मिळाली तर १,२००. नगामागे मजुरी वाढलेली नाही. ती आम्ही वाढविली नाही, हेही इथे लिहितो. त्याने काय केले? एक फेरी बंद केली. आता नमुना आज दाखविला तर पसंती उद्या जाते, सुधारणा परवा होते. ईदच्या हंगामात दोन दिवस म्हणजे काय असते ते या पानाच्या वाचकांस सांगावयास नको. ते काम छापील माल घेऊन सुरतेला जाते.

यात आणखी एक गोम आहे. मुंबईत टॅक्सीचे किमान भाडे १ फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये झाले, पहिल्या दीड किलोमीटरला. सी.एस.एम.टी.वर उतरून आमच्या गल्लीकडे येणाऱ्या तिघी बायका टॅक्सीत बसल्या तर माणशी दहा-अकरा रुपये पडतात. वातानुकूलित बसला माणशी बारा. म्हणजे जवळच्या अंतराला टॅक्सी स्वस्त आणि बस महाग! मग बाई बस का पाहील? ती टॅक्सी करते, दुसरी टॅक्सी करते, रस्त्यावर टॅक्सीच टॅक्सी होतात, त्यांच्यामागे बस अडकते, आणि बसला उशीर होतो म्हणून उरलेलेही टॅक्सी करतात. लांबच्या अंतराला अजूनही टॅक्सीपेक्षा बसच स्वस्त आहे. पण बाजाराचे गिऱ्हाईक अखेरच्या एक-दोन किलोमीटरवरच तर तुटते.

बेस्ट तोट्यात आहे, हे खरे. भाडे न वाढविता ती चालवायची कशी, हा प्रश्नही खरा. पूर्वी विजेच्या धंद्यातला नफा बसच्या तोट्यात घातला जाई. ज्याची दोन दुकाने आहेत तो व्यापारी हेच करतो. एक दुकान दुसऱ्याला सांभाळते. ते दिवस गेले. आता आगारांच्या जमिनी विकासकांकडे देऊन पैसा उभा करण्याची बोलणी ऐकू येतात. आमचे मत विचाराल तर मंदीच्या दिवसांत दुकान चालावे म्हणून दुकानाचाच गाळा विकणारा व्यापारी आम्ही पाहिला आहे. त्याचे पुढे काय झाले तेही पाहिले आहे.

पण सरकारला आणि महापालिकेला चार शब्द सुनावून लेख संपविणे सोपे आहे. त्याआधी आपल्या पायरीकडे पाहू.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. रमजानचा तिसरा आठवडा होता, असरच्या सुमाराची वेळ. भिवंडीहून मालाचा टेम्पो आला होता आणि नेहमीप्रमाणे बसथांब्यावर लागला होता, कारण हमालांना तिथून जवळ पडते. बस आली. थांब्याला लागता येईना म्हणून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ड्रायव्हरने भोंगा वाजविला. आम्ही गल्ल्यावरूनच टेम्पोवाल्याला हात केला की दहा मिनिटे थांब, शेवटचे गठ्ठे आहेत. बसमधून कुर्ल्याच्या एक वयस्कर गिऱ्हाईक उतरल्या, ज्यांना आम्ही खालाजान म्हणतो. मुलीच्या लग्नाचे कापड घ्यायला आल्या होत्या. बस आणि टेम्पो यांच्या फटीतून एक स्कूटर घुसली. खालाजान पडल्या आणि मनगट मोडले. रोजा होता म्हणून पाणीही घेईनात. आम्ही त्यांना दवाखान्यात नेले, घरी पोहोचविले, लग्नाच्या बिलात सवलतही दिली. त्या आजही आम्हांला दुवा देतात. टेम्पो कोणाचा होता हे आम्ही त्यांना कधी सांगितले नाही. इथे पहिल्यांदाच लिहीत आहोत.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचाच एक भाग आहे, ही रसूलुल्लाह (स.) यांची शिकवण आपण मदरशात लहानपणी ऐकली आहे. आपण तिचा अर्थ केळीच्या सालीपुरता आणि दगडापुरता ठेवला. चार चाकांचा टेम्पो, दुकानापुढे सहा फूट पुढे आलेले टेबल, पदपथावर टांगलेले हँगर, यांना ती लागू होत नाही असे जणू आपण ठरवून टाकले आहे. फेरीवाल्यांविरुद्ध तक्रार करणाऱ्या दुकानदारांपैकी कित्येकांचा स्वतःचा माल पदपथावर असतो. आमचाही दोन वर्षांपूर्वीपर्यंत होता.

म्हणून आमचे म्हणणे असे की मागणी करण्यापूर्वी थांबा मोकळा करावा. माल सकाळी बाजार उघडण्याआधी किंवा रात्री उतरवावा. भिवंडीचा आणि सुरतेचा ट्रान्सपोर्टवाला वेळ बदलत नाही ही सबब खोटी आहे. भाडे आपण देतो, वेळही आपण सांगू शकतो. हे केल्यावर मग संघटनेच्या कागदावर बसची मागणी लिहावी आणि तीही गोलमाल नव्हे, नेमकी लिहावी. बाजाराच्या मार्गांवर छोट्या गाड्यांऐवजी मोठ्या गाड्या द्या आणि त्यात एक बाक काढून सामानाला जागा ठेवा. सामानाचे तिकीट घ्या, आम्ही देऊ, पण गठडी पाहून कारागिराला खाली उतरवू नका. जवळच्या दोन किलोमीटरसाठी कमी भाड्याचा टप्पा करा. आणि रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत, जेव्हा आमची दुकाने तरावीहनंतर भरतात, तेव्हा कुर्ला, गोवंडी, माहीमकडे जाणाऱ्या शेवटच्या गाड्यांची वेळ पुढे ढकला. रात्रीचे गिऱ्हाईक माल पाहताना घड्याळ पाहते, हे प्रत्येक सेल्समनला ठाऊक आहे.

मेट्रोमुळे हे सगळे सुटेल असे काही बांधवांना वाटते. भुयारी मेट्रोची तिसरी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. तिचे एक स्थानक काळबादेवीला आहे. मंगलदास मार्केट आणि मुळजी जेठा मार्केटच्या भावांना त्याचा फायदा होईल आणि व्हावा. पण ती नागपाडा, मदनपुरा, डोंगरी, भेंडीबाजार यांच्या वाटेला येत नाही. शिवाय जमिनीखालून जाणाऱ्या मुसाफिराला शोकेस दिसत नाही. सुरतेला खरेदीला जाणाऱ्यांनी तिथे २०१४ पासून बससाठी राखून ठेवलेला रस्ता पाहिला असेल. तिथला व्यापारी मोटारीत फिरत नाही असे नाही, पण बसला वाट देण्यात त्याचे काही कमी झालेले दिसत नाही.

तोवर जे आहे त्यातून मार्ग काढावा लागतो. दुकानातल्या पोऱ्यांना आम्ही जे सांगतो ते इथे देतो. माल घेऊन जायचे तर अकरा ते चार या वेळेत जावे. एक मोठी गठडी करू नये, दोन लहान कराव्यात, म्हणजे एक पायाशी राहते आणि एक मांडीवर. गाडी जिथून सुटते तिथे चढावे, मधल्या थांब्यावर गठडीसह चढणे कठीण. मोबाईलवर बेस्टच्या चलो ॲपमध्ये गाडी कुठवर आली ते दिसते, तिथे पाहून मगच दुकानातून निघावे. दिवसात सात-आठ वेळा चढउतार करणाऱ्या वसुलीच्या माणसाला दिवसाचा पास काढून द्यावा. पाटीवर नंबराआधी 'ए' असेल तर ती वातानुकूलित गाडी, भाडे जास्त. घाई नसेल आणि साधी गाडी येणार असेल तर सोडून द्यावी. आणि मालकांनी महिन्यातून एकदा तरी स्वतः बसने दुकानात यावे. आम्ही गेल्या पावसाळ्यापासून दर मंगळवारी येतो. पहिल्या मंगळवारी गुडघे दुखले. दुसऱ्या मंगळवारी शेजारी बसलेल्या बाईंकडून कळले की आमच्या समोरच्या दुकानात तेच कापड मीटरमागे वीस रुपये कमी दराने मिळते.

आमच्या गल्लीत अकरा दुकाने आहेत. गेल्या जुम्म्याच्या नमाजनंतर सगळे बसलो आणि ठरले की येत्या पहिल्या तारखेपासून सकाळी साडेनऊनंतर बसथांब्यावर कोणाचाही टेम्पो लागणार नाही. बसच्या मागणीचा अर्जही लिहून तयार आहे. अकरापैकी नऊ सह्या झाल्या आहेत. उरलेल्या दोघांपैकी एक उमराहला गेला आहे. दुसरा म्हणतो की त्याचा टेम्पोवाला ऐकत नाही. तो आमचा सख्खा मेहुणा आहे.